टाकीवरचा खांदा

आमचे दाजी बलभीमराव हे मुरमाळवाडीतले एकमेव गृहस्थ, जे रोज सकाळी पाव तास गाव उलटं बघायचे. नाव बलभीम, पण अंगानं ज्वारीचं ताट. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो, आणि तेवढ्या नात्याच्या जोरावर पुढचं सगळं सांगतो. दुसऱ्या कुणी त्यांची एवढी थट्टा केली असती तर मी भांडायला उठलो असतो.

योग त्यांना कुणा गुरूनं दिला नाही, एस.टी.नं दिला. चौऱ्याहत्तर साली गावात दूध संस्था निघाली. सचिव म्हणून दाजींचं नाव ठरलं आणि दप्तर लिहायला शिकण्यासाठी त्यांना दहा दिवस धाराशिवला पाठवलं. गाडी दोन तास उशिरा पोचली. दाजी पळत पळत शिबिराच्या जागी गेले आणि पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरले. आत पंचवीस माणसं सतरंजीवर उताणी पडलेली. दाजींना वाटलं, दमलेत बिचारे प्रवासानं. तेही त्यांच्या शेजारी आडवे झाले. दप्तराचं शिबिर पलीकडच्या खोलीत आहे, हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं. तोवर दोन्ही पाय डोक्यामागं न्यायला यायला लागले होते. हाताशी आलेलं सोडून न येणाऱ्याच्या मागं कशाला लागायचं, असा विचार करून ते तिथंच राहिले.

परत आल्यावर चेअरमननी विचारलं, "काय काय शिकला, बलभीमराव?" दाजींनी धोतराचा काचा मारला आणि पंच कमिटीसमोर डोकं खाली, पाय वर केले. मग कमिटीनं एकमतानं ठराव केला की शिबिराचा खर्च मंजूर करावा आणि सचिव दुसरा बघावा. तो दुसरा म्हणजे मी, कोंडीराम.

दाजींना त्याचं काही वाईट वाटलं नाही. संस्थेसमोर शहाबादी फरशी होती, तिच्यावर त्यांनी रोज पहाटे आसनांचा वर्ग सुरू केला. दूध घालून झालं की सात-आठ माणसं थांबायची. बारा वर्षं तो वर्ग एक दिवस चुकला नाही. घरात दाजींचं कुणी ऐकत नसे, शेतात बैल ऐकत नसे, संस्थेत मी ऐकत नसे. पण त्या फरशीवर ते "हात वर" म्हणाले की सात माणसांचे चौदा हात वर जात. माणसाला आयुष्यात एवढी एक जागा लागते, आणि दाजींना ती मिळाली होती.

ती गेली सत्याऐंशीच्या सव्वीस जानेवारीला. दूध संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. पाहुणे दहाला येणार होते, ते एकपर्यंत आले नाहीत. लोक उठून जायला लागले, तेव्हा लाउडस्पीकरवाल्यानं परस्पर जाहीर केलं की आता बलभीमराव शीर्षासन करून दाखवतील. मागच्यांना दिसावं म्हणून दाजी टेबलावर चढले. डोकं टेकलं, पाय सरळ आभाळात. टाळ्या पडल्या. आणि नेमकी त्याच वेळी पाहुण्यांची जीप आली. पाहुणे उतरून थेट समोर उभे राहिले.

आता आलेल्या पाहुण्याला नमस्कार करायचा नाही, हे आमच्या दाजींच्या रक्तात नाही. त्यांनी उलट्यानंच दोन्ही हात सोडले आणि जोडले.

नमस्कार पोचला. दाजीही पोचले, उजव्या खांद्यावर, टेबलावरून खाली. पाहुण्यांनी पडत्या माणसालाही उलटा नमस्कार केला असं लोक सांगतात, पण मी तोवर बहिणीला सावरायला धावलो होतो.

सोलापूरला ऑपरेशन झालं. खांद्यात दोन स्क्रू बसले. सहा आठवडे हात झोळीत. झोळी निघाली तेव्हा हात नुसता लोंबत होता, भाकरीचा तुकडासुद्धा तोंडापर्यंत जाईना. दाजींनी पहिला प्रश्न विचारला तो शीर्षासनाचा. डॉक्टर म्हणाले, "आधी उभं राहून हात वर करायला शिका. भिंतीसमोर उभे राहा. बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवा. जिथं थांबतील तिथं खूण करा, तारीख टाका. रोज थोडं थोडं. सहा फुटांची खूण झाली की मग बघू."

दाजी गावात आले आणि घरच्या भिंतीवर मुंगी चढवू लागले. भिंत पांढऱ्या मातीची. तीन दिवसांत तिला घळ पडली. माझी बहीण चांगुणा, म्हणजे अक्का, हातात पोतेरं घेऊन उभी राहिली.

"आवं, तुमचा हात वर जाईल तवा जाईल, माझी भिंत खाली आली की! दुसऱ्याच्या भिंतीला जा."

गावात गुळगुळीत सिमेंटची उंच भिंत एकच होती, पाण्याच्या टाकीची. त्या वर्षी आमच्याकडं दुष्काळ होता. विहिरी फेब्रुवारीतच खडखडीत झाल्या होत्या. एक दिवसाआड टँकर यायचा आणि संस्थेशेजारच्या टाकीत पाणी ओतायचा. टाकी सहा फूट उंच, खाली चार नळ. टँकर नसला की टाकी म्हणजे नुसता डबा. दाजी त्या टाकीसमोर उभे राहिले आणि बोटं चालवू लागले.

आणि इथं माझी चूक झाली. ती मी कबूल करतो, कारण माझ्याशिवाय ती दुसऱ्या कुणाला जमलीच नसती.

दाजी म्हणाले, "कोंडीराम, डाक्टरला भित नेऊन दावता येत न्हाय. तू सेक्रेटरी माणूस. तुझी सही घाल, म्हंजी डाक्टरला इश्वास पटंल."

मला ते रास्त वाटलं. सहकारात वाढलेला माणूस मी. आमच्याकडं म्हैस मेली तरी ती सही झाल्याशिवाय मेली असं धरत नाहीत. दुधाच्या कॅनवर नंबर टाकायचा निळा ऑइलपेंट संस्थेत होताच. दाजी बोट टेकवत तिथं मी पट्टीनं सरळ रेघ मारायचो आणि बाजूला माझ्या सुरेख अक्षरात लिहायचो: 'दि. १८ मार्च. ३ फूट ४ इंच. तपासले. सचिव.' खाली सही. हे खांद्याचं आहे असं लिहायचं काही कारण नव्हतं. ते गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

रेघा चढू लागल्या. दूध घालायला आलेली माणसं आधी टाकीकडं बघायची, मग फॅटकडं. "आज कुठवर, बलभीमराव?" असं बायकाही विचारायच्या. तिकडं फरशीवरचा वर्ग गुरुसिद्धप्पानं धरला होता. गुरुसिद्धप्पा म्हणजे संस्थेत दुधाची फॅट काढणारा. माणूस वाईट नाही, पण मोजण्याची त्याला एकच रीत ठाऊक. आसन धरायला लावून तो "पाच पॉइंट एक, पाच पॉइंट दोन" असं मोजायचा आणि सहा पॉइंट पाचला सोडायला सांगायचा. दाजी टाकीकडं तोंड करून हे ऐकायचे आणि त्यांच्या जबड्याची हाडं हलायची. त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हात टाकीच्या काठाला लागू द्या. त्याच दिशी माझा वर्ग म्या परत घेतो." गुरुसिद्धप्पा म्हणाला, "घ्या की. म्या कुठं न्हाय म्हणलो?" पण तो हसत हसत म्हणाला, आणि ते हसू दाजींच्या जिव्हारी लागलं.

पाच एप्रिलला हात साडेचार फुटांवर पोचला. तिथं तो बसला तो बसलाच. खांद्याच्या उंचीच्या वर जाईना. सहा तारीख, सात, आठ, नऊ. रोज तीच रेघ. दाजी दात-ओठ खात, घाम गाळत, पण साडेचार म्हणजे साडेचार. लोक आधी "होईल होईल" म्हणाले, मग विचारेनासे झाले. विचारणं थांबलं ते दाजींना जास्त लागलं.

चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक संस्थेवरून जायची होती. रामकिसन कांबळे हा दाजींच्या वर्गातला सगळ्यात जुना गडी. तो आदल्या दिवशी सांगून गेला, "गुरुजी, मिरवणूक टाकीपाशी थांबवतो. सगळ्यांला तुमची रेघ दावायची हाय." तो हे मनापासून म्हणाला.

चौदाच्या पहाटे मी संस्थेचं कुलूप काढायला आलो, तर टाकी बांधून उरलेल्या विटांतल्या दोन विटा दाजींनी भिंतीशी जोडून मांडल्या होत्या आणि ते त्यांच्यावर उभे होते. बोट टेकलं होतं चार फूट नऊ इंचांवर.

"दाजी?"

"गुमान रेघ मार, कोंडीराम."

"पण ह्या विटा..."

"विटा रेघंत दिसत्यात का?"

दिसत नव्हत्या. मी रेघ मारली. 'तपासले' लिहिलं. न तपासता 'तपासले' लिहायची सवय आमच्या धंद्यात नवी नाही, पण तपासून, डोळ्यांनी विटा बघून, वर 'तपासले' लिहिण्याची माझी ती पहिलीच वेळ. दुपारी मिरवणूक थांबली, रामकिसननं दाजींना हार घातला, हलगीवाल्यानं टाकीसमोर पाच मिनिटं हलगी वाजवली. दाजी इतके लाजले की मला वाटलं, आता सांगून टाकतील. त्यांनी हार काढून टाकीच्या नळाला घातला आणि घरी गेले.

मग काय, एकदा चढलेला माणूस उतरणार कसा? तीन-चार दिवसांनी, पहाटे कुणी यायच्या आत, विटांचा दुसरा थर आला. मग तिसरा. एक थर म्हणजे बरोबर तीन इंच. सव्वीस एप्रिलला पाच थर झाले आणि रेघ गेली पाच फूट नऊ इंचांवर. काठाला तीन इंच उरले होते. वर्गातली माणसं कुजबुजू लागली की आता गुरुजी येणार. गुरुसिद्धप्पा "सहा पॉइंट पाच"च्या ऐवजी सहालाच सोडू लागला.

सत्तावीसला तालुक्याहून पाणीटंचाईचे साहेब आले. मी गावात नव्हतो, दुधाच्या गाडीबरोबर नळदुर्गला गेलो होतो. दाजी शेतात. साहेब आले ते नेमके टँकर ओतून गेल्यावर. त्यांनी वर चढून टाकीत डोकावलं, पाणी काठाच्या जरा खाली. मग त्यांची नजर बाहेरच्या निळ्या रेघांवर गेली. अठरा मार्च, तीन फूट चार इंच. पाच एप्रिल, साडेचार. सव्वीस एप्रिल, पाच नऊ. प्रत्येक रेघेला तारीख, सही आणि 'तपासले'.

साहेब खूश झाले म्हणतात. साऱ्या तालुक्यात पाणी उतरत होतं, आणि इथं एक गाव, जिथं ते दीड महिना चढत होतं, तेही रीतसर नोंदीसह. त्यांनी फायलीत लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. साठा वाढता.' आणि आमचा टँकर त्याच दिवशी बंद करून दुसऱ्या गावाला लावला.

टाकी दोन दिवसांत रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. मी तालुक्याला गेलो, तर कारकुनानं साहेबांनी टाकीवरून उतरवून घेतलेली, माझ्याच सहीची नोंद माझ्यासमोर धरली. "तुम्हीच तपासलंय ना?"

पुढचे चार दिवस गावातल्या बायका दोन कोसांवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. अक्का डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी घेऊन यायची. दाजींना एका हातानं कळशीसुद्धा धरवत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिची टाच फुटलेली मी बघितली. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीसुद्धा मी विटांचं तोंडातून काढलं नाही. माझी नोकरी त्या विटांवर उभी होती.

गावानं अर्ज केला, साहेब पुन्हा आले. सगळं गाव टाकीभोवती जमलं. रामकिसन पुढं झाला. "साहेब, त्या रेघा पाण्याच्या न्हाईत. आमच्या गुरुजींच्या खांद्याच्या हाईत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "खांद्याच्या? सही करून?"

"व्हय साहेब. डाक्टरनं सांगितलंय, रेघा मारा म्हणून."

"टाकी रिकामी करून दाखवणारी गावं मी पुष्कळ पाहिली. खांदा पुढं करणारं गाव पहिलंच." त्यांनी पाच फूट नऊ इंचांच्या रेघेवर बोट ठेवलं. "कुणाचा खांदा? त्यांना बोलवा. इथं हात लावू दे त्यांना. लावला, तर टँकर उद्या सुरू. नाही लावला, तर ही पाण्याची नोंद, आणि प्रश्न मिटला."

गावाला आनंद झाला. एवढंच ना! माणसांनी दाजींना हाताला धरून पुढं आणलं. "लावा गुरुजी!" गुरुसिद्धप्पासुद्धा म्हणाला, "लावा, लावा." विटांचं गावात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

दाजी भिंतीसमोर उभे राहिले. बोटं चालू लागली. तीन फूट. चार फूट. साडेचार. थांबली. दाजींनी डोळे मिटले, मानेच्या शिरा टम्म फुगल्या, टाचा उचलल्या. साहेब म्हणाले, "टाचा खाली." टाचा खाली आल्या. बोटं साडेचारावरच.

साहेबांनी फाइल काखेत मारली. "झालं?"

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आज दुखत असंल." दुसरा म्हणाला, "दोन दिस थांबा की साहेब." ही माणसं अजून दाजींची बाजू घेत होती. मी जमिनीकडं बघत होतो. तेवढ्यात दाजींचा आवाज आला.

"कोंडीराम, विटा आण."

मी मान वर केली.

"आण म्हणतो न्हवं. धाच्या धा."

मी एक एक करून दहाही विटा आणल्या. दाजींनी पहिला थर पायानं सरळ केला, वर चढले आणि हात लावला. "ही चौदा एप्रिलची. जयंतीची. हलगी वाजली ती ह्या विटांवर वाजली." साहेबांनी टेप काढला. चार फूट नऊ. दाजी उतरले, दुसरा थर लावायला सांगितला. "ही सतराची." पाच फूट. "ही वीसची." पाच-तीन. प्रत्येक थराला त्यांचा आवाज बारीक होत होता, पण तारीख एकही चुकली नाही. चौथ्या थराला तोल गेला, तेव्हा अक्का पुढं झाली आणि तिनं त्यांच्या कमरेला हात लावून धरलं. पाचव्यावर उभे राहून त्यांनी बोट टेकवलं, ते बरोबर निळ्या रेघेवर, पाच फूट नऊ.

"साहेब, हात माझा साडेचारच जातो," दाजी वरूनच म्हणाले. "वरलं सगळं खोटं हाय. पानी न्हाय, खांदाबी न्हाय. नुसत्या विटा हाईत."

आधी एक म्हातारी हसली. मग सगळं गाव हसायला लागलं. रामकिसन हसता हसता खाली बसला. हलगीवाला म्हणाला, "म्या विटंला हलगी वाजवली व्हय!" दहा मिनिटं कुणाला बोलता येईना. दाजी तेवढा वेळ पाच थरांवर उभेच होते, कारण उतरायला जागा कुणी देत नव्हतं.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "आणि हे 'तपासले' कुणी लिहिलं?"

"म्याच साहेब. खोटंच लिहिलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या फायलीत 'प्रत्यक्ष पाहणी केली' लिहिलं होतं तिकडं बघितलं. पेनाचं टोपण काढलं, ती ओळ नीट, सावकाश खोडली, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला.

दाजी आले नाहीत. दोन दिवस ते घरातून बाहेर पडले नाहीत. मी गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडलेले. "माझा वर्ग गेला, कोंडीराम," एवढंच म्हणाले. "गुरुसिद्धप्पाला सांग, नीट घे म्हणावं." अक्का चुलीपुढून ओरडली, "आवं, वर्ग घ्यायला गेला न्हाय तर शिकायला जा! घरात लोळून खांदा वर जातो व्हय?" तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

तिसऱ्या पहाटे दाजी आले. कुणाशी न बोलता फरशीवर सगळ्यात मागं, कोपऱ्यात उभे राहिले. पुढं गुरुसिद्धप्पा, मध्ये सात माणसं. कुणी मागं वळून बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं, कारण सातही पाठी एकदम ताठ झाल्या.

"हात वर," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "पाच पॉइंट एक..."

हात वर निघाले. मागं दाजींचाही निघाला आणि खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. रामकिसननं मान जराशी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बारा वर्षं त्याचा हात जिथं गुरुजींचा थांबेल तिथं थांबत आला होता. तो खांद्यापाशी थांबला. त्याच्याकडं बघून शेजारच्याचा थांबला. मग पुढच्याचा. सात माणसांचे चौदा हात पंखासारखे आडवे झाले आणि तिथंच राहिले.

"वर घ्या की!" गुरुसिद्धप्पा म्हणाला. "वर! आभाळाकडं!"

कुणी हललं नाही. गुरुसिद्धप्पा एकटाच दोन्ही हात आभाळात धरून उभा. त्यानं एकदा त्या आडव्या हातांकडं बघितलं, एकदा मागं कोपऱ्यात उभ्या असलेल्या दाजींकडं. दाजी डोळे मिटून होते, त्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. मग हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, त्यानं आपलेही हात खांद्यापर्यंत खाली आणले, मोजणं बंद केलं, आणि मागं वळून विचारलं, "बलभीमराव, आता किती येळ धरायचं?"